ह्यात कोणी निवडून यायचं न्हाई

चौसाळ्याच्या फाट्यावर सात-आठ मोटारसायकली एका रांगेत येऊन थांबल्या की हॉटेलवाला चहा किती लागतील हे विचारत नाही. तो आधी विचारतो, "कोणाची रॅली हाय?" आमच्या बीड जिल्ह्यात मोटारसायकली घोळक्याने निघतात त्या कोणासाठी तरीच निघतात. कोणाचा वाढदिवस, कोणाची निवड, कोणाचं आगमन. पुढे झेंडे, मधे हॉर्न, शेवटी उघडी जीप. त्यामुळे सात-आठ माणसं हेल्मेट घालून, झेंड्याशिवाय, हॉर्न न वाजवता एकामागे एक चालली आहेत आणि त्यांना नुसतं फिरायचं आहे, ही गोष्ट कोणाच्या गळी उतरत नाही.

मीसुद्धा पहिल्यांदा तेच विचारलं होतं. मी फाट्यावर बीडच्या गाडीची वाट बघत उभा होतो. रांगेतली शेवटची मोटारसायकल माझ्यापाशी येऊन थांबली. जुनी, शंभर सीसीची, मागच्या कॅरिअरला ट्यूबच्या पट्ट्यांनी पिशवी बांधलेली. तिच्यावरच्या माणसाने हेल्मेट काढलं, उपरण्याने आतून-बाहेरून पुसलं आणि आरशाला अडकवलं. पन्नाशी ओलांडलेला काटक माणूस, दाढीचे खुंट पांढरे. मी म्हणालो, "कोणाची रॅली हाय, मामा?" खरं तर मला विचारायचं होतं की पेट्रोलच्या चिठ्ठ्या कुठे वाटतात. रॅलीला गाडी नेली की टाकीत पेट्रोल पडतं, आणि आमच्या घरची गाडी तेव्हा कोरडी उभी होती.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "ह्यात कोणी निवडून यायचं न्हाई," ते म्हणाले. "च्या घेतो का?"

मी चहा घेतला. तेवढ्यात बीडची गाडी येऊन निघूनही गेली. ते बघून मामा म्हणाले, "आता रविवार मोकळाच झाला की तुझा."

हे लिंबाजीमामा. एका शिक्षण संस्थेच्या शाळेची बस ते चालवत. बसमधली पोरं मामा म्हणत, म्हणून पोरांचे आईबाप मामा म्हणू लागले, आणि मग सगळा परिसरच. ते आम्हा सगळ्यांना भाचेबुवा म्हणत.

त्यांच्याबद्दल लिहावं की नाही याचा मी बराच विचार केला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि लिहिण्याची सवय परीक्षेपुरती. शिवाय ज्या संस्थेची बस मामा चालवत, तिच्याच कॉलेजात मी शिकतो. पण मामांना न भेटलेल्या माणसांना मामा माहीत आहेत ते मोबाइलवर फिरलेल्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओमुळे. त्यात ते फुलांनी झाकलेले आहेत, तोंडही नीट दिसत नाही. तेवढ्यावरून हा माणूस कळत नाही. म्हणून लिहितो.

मी बापूंची गाडी घेऊन त्यांच्यात जाऊ लागलो. बापू म्हणजे माझे वडील. त्या गाडीला दोन्ही बाजूंनी दुधाच्या कॅनचे हूक होते. ते काढून टाकावेत असं मला वाटत होतं, कारण सगळ्यांत पुढे असायचे प्रशांतभैया. त्यांचं मेडिकल स्टोअर आहे आणि गाडी साडेतीनशे सीसीची, चकचकीत. मामांना माझा विचार कसा कळला कोण जाणे. ते म्हणाले, "हूक राहू दे. पाण्याचे कॅन अडकवायला बरे हायेत." त्या दिवसापासून सगळ्यांचं पाणी माझ्या गाडीवर आलं, आणि गाडी थांबली की सगळे आधी माझ्याकडे येऊ लागले.

आमच्या ग्रुपला नाव नाही. एकदा प्रशांतभैयांनी नाव सुचवलं होतं, त्यात वाघ होते. मामा म्हणाले, "नाव ठेवलं की बॅनर करावा लागंल."

"करू की."

"बॅनर केला की वर कोणाचा तरी फोटो लागंल."

"कावून? आपलेच टाकू."

"आपले खाली, बारीक बारीक. वर एक मोठा लागतोच. मोठ्या फोटोबिगर बॅनर पाह्यला का तू कुठं आपल्या जिल्ह्यात?"

प्रशांतभैया विचार करत बसले. मोबाइलच्या दुकानवाले अल्ताफभाई म्हणाले, "मामा, पहिली बार इसको चूप बैठे देख रहा." नाव राहिलं ते राहिलंच. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप आहे, त्याला नुसतं 'रविवार' म्हणतात.

नियम मात्र एक आहे, आणि तो मामांनी घालून दिला. वळण आलं की पुढच्याने थांबायचं. मागचा दिसला की मग निघायचं. प्रत्येकाने फक्त आपल्या मागच्याकडे बघायचं. असं केलं की कोणी चुकत नाही, कोणी मागे पडत नाही आणि कोणाला गाडी पिटाळावी लागत नाही. मामा सगळ्यांत शेवटी. त्यांच्या मागे कोणी नसे, म्हणून ते सगळ्यांकडेच बघत. प्रशांतभैया चिडवायचे, "मामा, गाडी ओढत न्हाई म्हणून तुमी मागं राहता."

"मी पुढं आलो तर तू रस्ता चुकला हे कोणाला दिसंल?" मामा म्हणायचे. आणि कोणी फार पळवली की, "पोचायची घाई असंल तर यष्टीनं जावं. तिथं लोकं पोचायलाच बसत्यात."

धारूरचा घाट उतरून आम्ही परत येत होतो तेव्हाची गोष्ट. प्रशांतभैयांची गाडी अचानक बंद पडली. किक मारून सगळ्यांचे पाय दुखले. शेवटी मामांनी पिशवीतून दोर काढला आणि आपल्या शंभर सीसीला ते मोठं धूड टोचन केलं, म्हणजे मागे बांधून ओढत चालवलं. वाटेत जो भेटेल तो हसे. प्रशांतभैया म्हणाले, "मामा, गावात मागच्या गल्लीनं घ्या. दुकानासमोरून नको."

"मागच्यानं कावून? लहान गाडीची वरात निघालीय, लोकांनी पाहू द्या."

प्रशांतभैयांचा चेहरा पडला. पण गावाच्या अलीकडे, जिथून रस्ता उतरत जातो, तिथे मामा थांबले. दोर सोडला, गुंडाळला, पिशवीत टाकला. "बस वर," ते म्हणाले. "गॅरेजपर्यंत उतारच हाय. ऐटीत जा. कोणी विचारलं तर म्हण, पेट्रोल वाचवतोय." आणि प्रशांतभैया खरंच बाजारातून ऐटीत गेले, एक हात मांडीवर ठेवून. आम्ही मागे हसून हसून गाड्या सांभाळत होतो.

मामांचं फिरणं गावाला मात्र पचलं नव्हतं. ऊसतोड्याचं पोरगं, आता कुठे पगार सुरू झाला तर याला फिरायचं सुचतंय, असं लोक तोंडावर म्हणत. मामा म्हणत, "सुचतंय." बस, एवढंच. समजावून सांगण्याच्या भानगडीत ते पडत नसत.

आम्हाला मात्र त्यांनी एकदा सांगितलं. धारूरच्या किल्ल्याच्या तटावर बसून आम्ही भाकरी खात होतो. भाकरी आणि ठेचा सुमनमामी, म्हणजे त्यांची बायको, सगळ्यांपुरतं बांधून देत. अल्ताफभाईंनी विचारलं, "मामा, ये फिरने का शौक कहाँ से लगा?"

मामा म्हणाले, "फिरलो तर मी लहानपणीच लई. सांगलीला गेलतो, साताऱ्याला गेलतो, कर्नाटकात बी गेलतो. पण सगळं उलटं."

"उलटं म्हणजे?"

"ऊसतोडीच्या ट्रॉलीत पुढं सामान, शेळ्या, म्हातारी माणसं. आमा पोरांना मागं तोंड करून बसवायचे. गेलेला रस्ता दिसायचा, येणारा कधीच न्हाई. गावाची पाटी पुढून निघून गेली की मग तिची पाठ दिसायची. निस्ता पत्रा. त्यामुळं मी इतक्या गावांतून गेलो, पण कोणतं गाव होतं ते कधी वाचलंच न्हाई."

लग्नानंतर त्यांनी आणि सुमनमामींनी मिळून बरीच वर्षं ऊस तोडला. मामांनी कोयता धरायचा, मामींनी मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रकवर चढवायच्या. मामा तिथेच ट्रॅक्टर शिकले, मग लायसन काढलं, मग शाळेची बस मिळाली. मोळ्या वाहून मामींची मान कायमची आखडली आहे. त्या वळून बघत नाहीत, सगळ्या अंगाने वळतात.

"गाडी घेतली तवा पहिल्या सुट्टीत आमी दोघं निघालो," मामा म्हणाले. "त्याच रस्त्यानं. एक-एक पाटी वाचत. जिथं वाटलं तिथं थांबलो. एका कारखान्यासमोर हॉटेलात बसून भजे खाल्ले."

"काम काय होतं?" मी विचारलं.

"काहीच न्हाई. काम नसताना गेलतो. तेच तर करायचं होतं." मग हात झटकून ते उठले. "आमच्यासारख्यानं घर सोडलं की लोकं विचारत्यात, कोणाकडं कामाला चालला. न्हाई चाललो कामाला. बघायला चाललो."

माझे बापूही तरुणपणी ऊसतोडीच्या टोळीत जात. मी घरी येऊन त्यांना विचारलं, तुम्ही कोणत्या बाजूला तोंड करून बसायचा? बापू हुकांवरचे रिकामे कॅन काढू लागले. मग म्हणाले, "झोपून जायचो."

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी निवडणुकीचं वातावरण तापलं. आमच्या संस्थेचे साहेब उभे राहणार होते. त्यांचं नाव मी लिहीत नाही. एका रविवारी आम्ही फाट्यावर चहा पीत होतो तेव्हा पांढरी गाडी येऊन थांबली आणि विलासराव उतरले. विलासराव म्हणजे साहेबांचा सगळीकडचा माणूस. शाळेतही तेच, कॉलेजातही तेच, सभेतही तेच.

"साहेबांनी तुमचा फोटो पाह्यला कुठंतरी," ते खुर्ची ओढून म्हणाले. "तुमची रांग पाहून लई खूश झाले. म्हणले आपल्या पोरांना अशी शिस्त जमत न्हाई. पुढच्या रविवारी रॅली हाय. साहेबांच्या जीपच्या पुढं तुमी. टाकी फुल, जेवण, टी-शर्ट. झेंडे आमी देतो."

प्रशांतभैयांनी विचारलं, "टी-शर्ट कॉलरचे का बिगरकॉलरचे?"

मामा म्हणाले, "पुढच्या रविवारी आमचं धारूर ठरलंय."

"धारूर कुठं पळून चाललंय का?"

"धारूर न्हाई पळत. पण आमचं ठरलंय."

विलासराव हसले. आता ते फक्त मामांशी बोलत होते. "लिंबाजी, तू कोणाची गाडी चालवतो ते ध्यानात ठेव."

"ध्यानात हाय. बस साहेबांची हाय. सोमवार ते शनवार चालवतो, अजून तिला ओरखडा येऊ दिला न्हाई. ही गाडी माझी हाय, विलासराव. हिला झेंडा लागायचा न्हाई. साहेबांचा बी न्हाई अन् त्यांच्या समोरच्याचा बी न्हाई."

"दसरा तोंडावर आलाय. टोळ्या भरायल्यात लोकं. कोयता धरता येतो का अजून?"

"येतो की. इसरायसारखं काम हाय का ते?"

विलासराव उठले. चहा अर्धा ठेवून गेले. आम्हा सगळ्यांना त्यांच्या बोलण्याचा अर्थ कळला होता. साहेबांनी काढलेल्या माणसाला आमच्या भागात दुसरं कोणी कामावर ठेवत नाही. बस गेली तर मामांसमोर ट्रॅक्टर-ट्रॉलीच उरणार होती, आणि ऊसतोडीला नवरा-बायको जोडीनेच घेतात. म्हणजे मामींच्या डोक्यावर पुन्हा मोळी. मामांना हे आमच्याआधी कळलं असणार. ते हॉटेलवाल्याला म्हणाले, "विलासरावांचा च्या माझ्याकडं लाव."

रविवारी पहाटे ग्रुपवर प्रशांतभैयांचा निरोप आला की पोट बिघडलं आहे. अल्ताफभाई म्हणाले, "औषधवाल्याचंच पोट बिघडलं." मामा म्हणाले, "त्याचा गाळा संस्थेच्या जागेत हाय. बिघडणारच. त्याच्यावर कोणी हसायचं न्हाई." आम्ही पाच जण निघालो. बापू मला म्हणाले होते, तू जाऊ नको, कॉलेज त्यांचं आहे. पण मी गाडी बाहेर काढायला गेलो तर त्यांनी पाण्याचे कॅन भरून हुकांना अडकवून ठेवले होते.

धारूरला आमचा दिवस नेहमीसारखा गेला. रॅली सकाळची होती, त्यामुळे दुपारी परतताना रस्ता मोकळा असेल असा आमचा हिशेब. पण आमच्याकडे कोणती रॅली वेळेवर निघाली आहे? सकाळची रॅली दुपारी निघाली, आणि ती ज्या रस्त्याने येत होती त्याच रस्त्याला, तिच्या थोडं पुढे, आम्ही एका आडवाटेने येऊन मिळालो. आम्हाला पत्ताच नव्हता.

पुढच्या गावाच्या फाट्यावर कमान होती. दोन्ही बाजूंना माणसं, हलगीवाले, ओवाळायला ताटं घेतलेल्या बाया. आणि कमानीशेजारी जेसीबी, त्याचं खोरं वर उचललेलं आणि झेंडूच्या पाकळ्यांनी भरलेलं. आम्ही एका रांगेत, दिवे लावून, सावकाश येताना दिसलो आणि कोणीतरी ओरडलं, "आले, आले." हलगी सुरू झाली, फटाके लागले. माझ्या पुढे अल्ताफभाई हात हलवून नाही-नाही म्हणत होते. लोकांना वाटलं ते अभिवादन स्वीकारत आहेत. लोकांनीही हात हलवले.

जेसीबीवाल्याची काही चूक नव्हती. त्याला सांगितलेलं असणार की आधी गाड्या येतील, त्यांना जाऊ दे, साहेब शेवटी असतील. त्याने आम्हा चौघांना जाऊ दिलं. शेवटी मामा होते. त्याने खोरं उलटं केलं.

मी आरशात बघितलं तेव्हा मामा दिसत नव्हते. पिवळा-केशरी ढीग होता आणि त्यातून एक हेडलाइट चालू होता. मग ढिगातून हात बाहेर आला आणि हेल्मेटची काच पुसू लागला. एक म्हातारी बाई ताट घेऊन पुढे झाली आणि तिने हेल्मेटलाच कुंकू लावलं. मामा तिच्याशी काहीतरी बोलले, तीही काहीतरी बोलली. मग गाडी ढिगातून बाहेर आली आणि आमच्या मागे लागली. आम्ही पुढच्या वळणावर थांबलो होतो. मामांच्या खिशांतून, बुटांतून, पिशवीतून पाकळ्या पडत होत्या. कोणीच हसलं नाही, आणि मग सगळेच एकदम हसलो. मामा शर्ट झटकत म्हणाले, "लग्नात बी एवढी पडली नव्हती."

साहेब त्या कमानीत पोचले तेव्हा खोरं रिकामं होतं. लोकांनी रस्त्यावरचीच फुलं खराट्याने गोळा करून पुन्हा भरली आणि पुन्हा टाकली. त्यांच्यासोबत जे काही रस्त्यावर होतं तेही पडलं. साहेब जीपमध्ये उभे, डोळे चोळत शिंकत आहेत, याचा व्हिडिओ निघाला. कोणीतरी तो मामांच्या व्हिडिओला जोडला. संध्याकाळपर्यंत तो ज्याच्या-त्याच्या मोबाइलवर होता.

सोमवारी शाळा सुटल्यावर मामांना संस्थेच्या ऑफिसात बोलावलं. मामा एकटेच जाणार होते. पण मी आणि अल्ताफभाई गेलो. आणि दाराशी बघतो तर प्रशांतभैया आधीच येऊन उभे, मेडिकल बंद करून. अल्ताफभाईंनी विचारलं, "पोट कसं हाय?" ते म्हणाले, "गप बस बे."

विलासरावांनी मोबाइल काढला. "लिंबाजी, साहेब मोठ्या मनाचे हायेत. हात जोडायचे अन् म्हणायचं, माझ्याकडून साहेबांचा अवमान झाला, मी माफी मागतो. एवढंच. आमी तो व्हिडिओ टाकतो, तू उद्या बसवर ये."

आमच्या भागात असे व्हिडिओ मी पाहिले आहेत. माणूस उभा असतो, मागे भिंत असते, हात जोडलेले असतात. तो माणूस नंतर बाजारात दिसला की लोक त्याच्याकडे बघत नाहीत. मला वाटलं मामांनी म्हणून टाकावं. खरंच वाटलं. मला मामींची मान आठवत होती.

मामा भिंतीपाशी उभे राहिले. "चालू झाला का?"

"झाला."

मामांनी हात जोडले नाहीत. मागे घेतले. "मी लिंबाजी. शाळेची बस चालवतो. काल आमी धारूरहून येत होतो. आमी कोणाला थांब म्हणलं न्हाई अन् फुलं टाक म्हणलं न्हाई. ज्या मावशीनं ओवाळलं तिला मी म्हणलो, मी साहेब न्हाई. ती म्हणली, असू दे, ताट आणलंय आता. ह्यात माझं काय चुकलं ते विलासरावांनी सांगावं. चुकलं असंल तर मी इथंच माफी मागतो. सांगा, विलासराव."

आणि ते मोबाइलकडे बघत वाट पाहत राहिले.

विलासरावांनी मोबाइल खाली केला. "असं न्हाई म्हणायचं."

"मग?"

"जे सांगितलं तेच म्हण."

"ते तुमचं बोलणं हाय. तुमी उभं राहून म्हणा. मी धरतो मोबाइल."

विलासराव म्हणाले, "किल्ली ठेव."

मामांनी खिशातून बसची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. टाकली नाही, ठेवली. बाहेर व्हरांड्यात एक तरुण पोरगा उभा होता, नवा ड्रायव्हर. त्याला आधीच बोलावून ठेवलेलं होतं. मामांना बघून तो चुळबुळू लागला. मामा त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बसपाशी घेऊन गेले. "तू कशाला लाजतो? चल, दाखवतो. दुसरा गिअर दमानं टाक, अडतो. तळ्याच्या वस्तीवरची एक पोरगी हाय, मागं बसली की उलटी करती. तिला पुढं बसव, खिडकीपाशी. अन् पोरं उतरली की लगेच निघू नको. घराकडं वळली की निघ." पोरगा मान डोलवत होता. मामांनी बसचा आरसा उपरण्याने पुसला आणि त्याच्या उंचीला लावून दिला.

पुढचे काही दिवस वाईट होते. दोन ठिकाणी मामांना आधी हो म्हणाले आणि नंतर नाही म्हणाले. टोळीसाठी माणसं जमवणारा एक मुकादम घरी येऊन गेला. सुमनमामींनी त्याला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "आमचं ठरलं की निरोप देतो." त्या संध्याकाळी आम्ही सगळे त्यांच्या अंगणात बसलो होतो. प्रशांतभैयांनी हळू आवाजात विचारलं, "मामी, मामांनी तेवढं म्हणून टाकलं असतं तर?"

मामी चुलीपुढून सगळ्या अंगाने आमच्याकडे वळल्या. "मान खाली घालून गाडी चालवता येती का? दोघंबी पडलो असतो."

मग सगळे कामाला लागले. जो-तो आपल्या ओळखीच्यांना फोन करत होता. अल्ताफभाईंचे साडू सोलापूरच्या पुढे असतात. त्यांच्या गावच्या शाळेला ड्रायव्हर हवा होता, राहायला एक खोलीही होती. मामांनी शाळेच्या बाईंशी फोनवर बोलताना आधी पगार विचारला नाही. "रविवारी मी बस चालवणार न्हाई," ते म्हणाले. पलीकडून बाई म्हणाल्या, रविवारी शाळाच नसते. मामा म्हणाले, "तरी आधी सांगून ठेवतो."

दसऱ्यानंतर ते निघाले. सामान अल्ताफभाईंनी टेम्पोत घालून आदल्या दिवशीच पोचवलं होतं. मामा-मामी मोटारसायकलवर. आम्ही फाट्यापर्यंत सोबत गेलो. त्याच दिवसांत टोळ्याही निघतात. महामार्गाच्या कडेला दोन ट्रॅक्टर उभे होते, ट्रॉल्यांत माणसं, गाद्या, भांडी, कोंबड्या. ट्रॅक्टरवाला टायरची हवा बघत होता. मामांच्या आणि माझ्या ओळखीची बरीच माणसं त्यात होती. नोकरी गेल्याचं सगळ्यांना माहीत होतं, आणि मामी डोक्यावर पदर घट्ट बांधून, मांडीवर बोचकं घेऊन गाडीवर बसलेल्या होत्या. त्या दिवसांत बायका ऊसतोडीला याच वेशात निघतात.

ट्रॉलीतून एका बाईने विचारलं, "सुमनबाई, ह्या बारीला कोणत्या कारखान्याला?"

मामी सगळ्या अंगाने तिच्याकडे वळल्या. "कारखान्याला न्हाई. शाळेला."

"ह्या वयात?"

"हा. ह्या वयात," मामी म्हणाल्या.

ट्रॉलीत हसू उठलं. मामांनी हेल्मेटचा पट्टा लावला आणि किक मारली.